नाव कुठलंही सांगा

"मी कुणाचा काका होणार नाही," डॉ. उकिडवे म्हणाले. "मामासुद्धा नाही. तसं काही ठरवलं असेल तर मी गाडीतच बसून राहतो."

"तुम्हाला काका करतंय कोण?" मी आरशातून त्यांच्याकडे बघत म्हटलं. "डोहाळजेवणाला आलेल्या पुरुषमाणसाला मांडवात बसवतात, पान वाढतात आणि विसरून जातात. तुम्ही आपले जेवा."

"आणि कुणी विचारलं, आपण कोण?"

"पुण्याहून आलोय म्हणा. तेवढं तरी खरं आहे ना?"

गाडी मी चालवत होते. शेजारी हेर्लेकर मॅडम, मांडीवर खणानारळाची पिशवी घेऊन. निवृत्तीला आलेली, लग्न न केलेली बाई. आयुष्यात कधी कुणाच्या डोहाळजेवणाला गेली असेल असं मला वाटत नाही. त्या दिवशी मात्र बाईंनी कपाटातून बऱ्यापैकी साडी काढून नेसली होती आणि घाटाखाली उतरेपर्यंत एक शब्द बोलल्या नव्हत्या.

आमच्या कॉलेजातले लोक अजून भेटले की मला हटकून विचारतात, "काय हो तेलसंगबाई, हेर्लेकरांचा तो संशोधनाचा पेपर खरा होता तर त्यांनी स्वतःच सही करून मागं का घेतला?" इतकी वर्षं मी "मला काय माहीत" म्हणत आले. माहीत सगळं होतं. बोलायची सोय नव्हती.

मॅडम मेंदूविकाराच्या डॉक्टर, आमच्या सिव्हिलमध्ये. मी त्यांच्या हाताखाली लेक्चरर. खोट्याची त्यांना इतकी चीड की विचारू नका. पेशंटच्या मनगटाला हात न लावता केसपेपरवर नाडी बहात्तर लिहून टाकायची, ही आम्हा डॉक्टरांची जुनी खोड. मी शिकत असताना तेच केलं, तर बाईंनी मला कॉलर धरल्यासारखं खाटेपाशी नेलं, सगळ्या वॉर्डासमोर मोजायला लावलं. एकशे दहाच्या वर निघाली. "बहात्तर तुझी असेल," म्हणाल्या, "ह्या माणसाची नाही." त्यानंतर मी नवऱ्याला भाजीत मीठ किती घातलं हेसुद्धा खोटं सांगितलेलं नाही.

आणि अशा बाईवर खोटेपणाचा आळ आला. त्याचं मूळ त्यांच्या गुरुवारच्या ओपीडीत होतं.

आमच्या भागात मुलीला फिट येते हे कळलं की तिचं लग्न विसरायचं. म्हणून कुणी कळूच देत नाही. पोरगी पडली, तोंडाला फेस आला, की दार लावून घ्यायचं, नाकाशी कांदा धरायचा, चप्पल धरायची. आणि पुढे लपवून लग्न उरकायचं. लग्नात नाव बदलतं, आडनाव बदलतं, गाव बदलतं. फिट तेवढी बदलत नाही. एका मुलीच्या ट्रंकेत सासूला गोळ्या सापडल्या, तर तिला ट्रंकेसकट एसटी स्टँडवर आणून सोडलं होतं. तिथून ती घरी गेली नाही, सरळ रेल्वेच्या रुळांवर गेली. तेव्हापासून मॅडमनी दर गुरुवारी दुपारी वेगळी ओपीडी सुरू केली. बाहेर पाटी 'डोकेदुखी'ची. आत नियम एकच. नाव कुठलंही सांगा, गाव कुठलंही सांगा. गोळी चुकली असेल तर मात्र खरं सांगायचं.

बायका यायच्या, बरोबर आया यायच्या. सासरी जाणाऱ्या पोरीच्या डब्यात शेंगदाण्याच्या चटणीखाली गोळ्यांची पाकिटं जायची. पोरीला जमलं नाही तर आई यायची, एसटीनं, उन्हातान्हाची. मॅडमना चेहरे सगळे पाठ. लता जाधव म्हणजे पाटलांची सुवर्णा, हे त्यांना माहीत आणि मला माहीत. कागदावर लता जाधवच.

ह्या बायका गरोदर राहायच्या तेव्हा खरी पंचाईत. म्हाताऱ्याही सांगायच्या आणि गावचे डॉक्टरही सांगायचे, पोटात लेकरू आहे, गोळी बंद कर. बंद केली की फिट. मग कुणी चुलीवर पडली, कुणी विहिरीत. मॅडमचं म्हणणं होतं, योग्य गोळी, बेताची मात्रा, आणि बंद अजिबात करायची नाही. गुरुवारच्या बायकांची कित्येक वर्षांतली बाळंतपणं त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिली, त्याचा निबंध लिहिला, परदेशातल्या मोठ्या जर्नलनं छापला. आमच्या जिल्ह्यातले डॉक्टर हळूहळू गोळी चालू ठेवायला लागले. बायका वाचायला लागल्या हो! डोळ्यांदेखत वाचायला लागल्या.

मग तिकडच्या कुणा आकडेवारीवाल्यानं जर्नलला लिहिलं, ह्या अभ्यासातून एकही बाई मधेच गळत कशी नाही? हे पटत नाही, पेशंट दाखवा. अरे बाबा, तुमच्याकडे पेशंट गळत असतील. इथं आई धरून बसलीय, ती कशी गळू देईल? पण जर्नलनं कॉलेजला विचारलं, कॉलेजनं सगळ्या पत्त्यांवर पत्रं धाडली आणि सगळी परत आली. अशी बाई ह्या गावात राहत नाही. बायका खऱ्या, पोटं खरी, बाळं खरी, नावं तेवढी खोटी. चौकशी समिती बसली. उकिडवे तिच्यावर बाहेरून नेमलेले. माणूस सरळ, हे कबूल करायला हवं. ते म्हणाले, "मला सगळ्या नकोत. एकीला माझ्यासमोर सांगू दे की मी ह्यांची पेशंट आहे आणि गरोदरपणात गोळी घेतली. मी चौकशी तिथंच थांबवायला सांगतो."

एकसुद्धा तयार होईना. आया दारातूनच हात जोडायच्या. शेवटी सुवर्णाची आई अक्काताई पाटील आपण होऊन आली.

"मॅडम, माझी पोरगी तुमच्यामुळं नांदतीया," ती म्हणाली. "सातवा लागलाय तिला. बुधवारी सासरी डोहाळजेवाण हाय. तुमी पाव्हणे म्हणून या. गर्दीत कोण कुणाला विचारतंय? मी तिला माजघरात आणते, तुमचा पुण्याचा साहेब इचारू दे काय इचारायचं ते. दोन मिंटात हुतंय."

"तिला चालेल का?" मॅडमनी विचारलं.

"तिनंच सांगितलंय. म्हणाली, गोळी बंद पडली तर माझ्यासारख्यांनी कुठं जायाचं?"

तर असे आम्ही निघालो होतो.

हिंगणवाडीला पोचलो तेव्हा बायकांनी अंगण भरलं होतं. सुवर्णाला हिरवी साडी, फुलांचे दागिने, पाटावर बसवलेली. सासरी तिचं नाव गायत्री. आम्ही दिसताच तिनं मान खाली घातली, पण हसू लपलं नाही. अक्काताई लगबगीनं पुढं झाली, "या या, आमच्या सांगलीकडच्या मैत्रिणी," असं मोघम काहीतरी म्हणाली. सासूबाई चांगल्या ठसठशीत, हसऱ्या. त्यांनी आम्हाला हाताला धरून सतरंजीवर बसवलं. उकिडव्यांना कुणीतरी ओट्यावर खुर्ची दिली. मला वाटलं, जमतंय की. गाणी चालू होती, दोन झाकल्या वाट्यांतली एक उचल म्हणून पोरीला आग्रह चालला होता. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. बर्फी निघाली. सासू म्हणाली, "लक्ष्मी येऊ दे गं, मला चालतंय." मला ती बाई तेव्हाच आवडली, काय करू.

आणि तेवढ्यात पलीकडून एक बाई मोठ्यांदा म्हणाली, "अवो, तुमी सिव्हिलच्या फिटच्या डॉक्टरीणबाई न्हवं? आमच्या वाडीतल्या पोराला तुमच्याकडंच आणलं हुतं की."

गाणं थांबलं नाही, पण आमच्या आजूबाजूला थांबलं. सासूबाईंचा हात साखरेच्या वाटीवर तसाच राहिला.

"फिटच्या?" त्या म्हणाल्या.

"व्हय. लई नाव हाय त्यांचं. फिट येणारीच मान्सं जात्यात त्यांच्याकडं."

सासूबाई मॅडमच्या समोर येऊन बसल्या. आवाज खाली, गोड, पण डोळे सुवर्णावर. "बाई, तुमी आमच्या गायत्रीला कशा वळखता?"

अक्काताईच्या हातात परात होती. ती ना पुढं ना मागं. उकिडवे ओट्यावरून खाली उतरले होते, चार हातांवर उभे होते, सगळं ऐकत. ह्याच उत्तरासाठी तर ते पुण्याहून आले होते. एक वाक्य बोलायचं होतं, 'ही माझी पेशंट आहे.' संपलं होतं. निबंध बचावला असता, ओपीडी बचावली असती. आणि पाटावरच्या पोरीला संध्याकाळच्या आत ट्रंकेसकट बाहेर काढलं असतं. मी सुवर्णाकडे बघितलं. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही, पण तिनं मॅडमकडे बघून मान हलवली. सांगा, म्हणत होती. खरंच सांगते, ती पोरगी सांगा म्हणत होती.

मॅडम म्हणाल्या, "मी हिला ओळखत नाही. आज पहिल्यांदाच बघते."

"मग?"

"ह्या डॉक्टर तेलसंग, ह्यांची आणि अक्काताईंची ओळख. मला घरी एकटीला कंटाळा येतो, म्हणून बरोबर आले. तुमची सून छान आहे. तब्येतही छान दिसते."

नाडी बहात्तर लिहिली म्हणून वॉर्डासमोर माझी अब्रू काढणारी बाई. एकदाही अडखळली नाही.

सासूबाईंचा चेहरा एकदम सैल झाला. "असं व्हय! मला मेलीला काय बाई वाटलं," म्हणून त्या हसल्या, सगळ्या हसल्या. "आलाय तर हिची ओटी भरा की." मॅडम म्हणाल्या, "माझं लग्न झालेलं नाही." मग मी उठले. सुवर्णाच्या पदरात खण, नारळ, तांदूळ घालायला वाकले तशी ती माझ्या कानाशी पुटपुटली, "मॅडमना सांगा, सकाळची घेतलीया."

जेवून निघालो. गाडी गावाबाहेर आली तशी माझा बांध फुटला.

"उकिडवे सर, ती माझ्या कानात बोलली. सकाळची गोळी घेतली म्हणाली."

"तुम्ही ऐकलंत," ते म्हणाले. "मी नाही ऐकलं."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"अजिबात नाही. माझी तर खात्री पटली. अंगणात बसलेल्या त्या मुलीचा चेहरा बघून आंधळ्याचीही पटली असती." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पण खात्री पटणं वेगळं आणि पडताळणं वेगळं. मी कागदावर माझी खात्री लिहू शकत नाही. माझ्यादेखत सासूबाईंनी विचारलं, तर डॉक्टर स्वतः म्हणाल्या, मी हिला ओळखत नाही. मॅडम, मी आता तुमचं कुठलं वाक्य खरं धरू?"

"काहीही धरू नका," मॅडम म्हणाल्या. "पडताळता आलं नाही असं लिहा. तुमच्या जागी मी असते तर तेच लिहिलं असतं."

"मला फार वाईट वाटतं."

"वाटू दे," मी म्हटलं. तेवढं उद्धट बोलायचा हक्क मला त्या दिवशी नक्की होता.

समितीनं तेच लिहिलं, 'माहितीची सत्यता पडताळता आली नाही.' वर्तमानपत्रवाल्यांना एवढं लांबलचक कुठलं परवडायला? त्यांनी छापलं, 'सिव्हिलच्या डॉक्टरचं बोगस संशोधन, गरोदर महिलांच्या जिवाशी खेळ.' वर मॅडमचा फोटो, कुठल्याशा सत्कारातला, गळ्यात हार घातलेला. अधिष्ठात्यांनी त्यांना सक्तीच्या रजेवर घालवलं, गुरुवारच्या खोलीला कुलूप घातलं, पाटी काढली. नाडीला हात न लावणारे सगळे आपापल्या जागी सुखरूप. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

जर्नलचं पत्र आलं. निबंध मागे घ्यायचा विचार आहे, लेखिकेची संमती असेल तर सही करावी. सोबत मजकूर होता, 'ह्या अभ्यासातली माहिती विश्वासार्ह नाही हे मला मान्य आहे.' अधिष्ठात्यांचे रोज फोन, "मॅडम, करून टाका सही, विषय मिटेल." मॅडम म्हणायच्या, "एक अक्षर खोटं नाही त्यात. मरेपर्यंत सही करणार नाही." मी संध्याकाळी त्यांच्याकडे जायची, दोघी मिळून उत्तराचा मसुदा करायचो. आणि खरं सांगायचं तर मार्ग निघत होता. उकिडव्यांचाच फोन आला. म्हणाले, "माझ्या डोक्यातून ती मुलगी जात नाही. मी जर्नलशी बोललोय. बंद खोलीत, नावं न लिहिता, चार जणी बोलायला तयार असतील तर मी ऐकेन आणि तसं लेखी देईन. ते मान्य करतील." मी तीन आयांकडे जाऊन आले. वर्तमानपत्रातलं ते खोटं वाचून त्याही पेटल्या होत्या, येतो म्हणाल्या. चौथी अक्काताई, हे तर आम्ही धरूनच चाललो होतो. मॅडम कित्येक दिवसांनी नीट जेवल्या. सुवर्णा बाळंतपणाला माहेरी आली असेल, दिवस भरत आले असतील, असा हिशेबही त्यांनी केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मसुदा घेऊन गेले, तर मॅडमच्या दारात अक्काताई उभी. मी म्हटलं, बोलाफुलाला गाठ. म्हटलं, "अक्काताई, कालच तुमचं नाव काढत होतो." तिनं माझ्याकडे बघितलं. कपाळाला कुंकू होतं, बाकी त्या चेहऱ्यात माणूस राहिलेलं नव्हतं.

मॅडमनी तिला आत घेतलं. पाणी दिलं. तिनं भांडं हातात धरलं, प्यायली नाही.

"सुवर्णा गेली," म्हणाली.

आम्ही दोघी उभ्याच.

"परसात हौदावर गेली पाणी घ्यायला. मी आत भाकरी टाकत हुते. हाक मारली तर ओ न्हाई. बगते तर तोंड पाण्यात. पाय तेवढं भाईर." तिनं भांडं खाली ठेवलं. "लेकरू बी गेलं. मुलगीच हुती."

मॅडम तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. त्यांनी विचारलं, "गोळी चुकली होती का?"

"मीच बंद केलती."

मॅडम आणखी जवळ सरकल्या.

"थोरल्यानं पेपर वाचून दावला. पोटातल्या लेकराला इख घालत हुत्या बाई, असं लिवलंय म्हणाला. माझा इस्वास बसंना. म्हणून सिव्हिलला आले, गुरवारी, तुमालाच इचारायला. खोलीला कुलूप. तितल्या शिपायाला इचारलं, तर म्हणला, बंद झालं ते, बोगस निघालं, बाईला घालवली. मग मी कुणाला इचारू? घरी गेले आनि सगळ्या गोळ्या चुलीत घातल्या. पोरगी म्हणत हुती, आई, मॅडमच्या घरला जाऊन ये. मी म्हणलं, गप बस, लेकराचा इचार कर." तिनं पदर तोंडाशी धरला आणि काढला. रडू येत नव्हतं तिला. "तालुक्याच्या डाक्टरनं बी सांगितलं, बरं केलं. आठ दिस चांगली हुती. मला वाटलं, गेली फिट."

बाहेर रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. अक्काताईनं मॅडमचा हात धरला, घट्ट, दोन्ही हातांनी.

"मॅडम, मला झोप न्हाई. येकच इचारायचंय, म्हणून आले. पोरीची आन हाय, खरं सांगा. ते तुमचं खोटं हुतं का?"

मी तोंड उघडलं होतं. आता, म्हटलं, आता बाई सांगणार, एक अक्षर खोटं नव्हतं. महिनोन्‌महिने हेच तर ऐकत आले होते मी. आणि मग मला अक्काताईचे डोळे दिसले आणि ती काय विचारत होती ते कळलं. खरं होतं, तर मी माझी पोरगी मारली. एवढंच विचारत होती ती.

मॅडम म्हणाल्या, "हो. खोटं होतं."

"सगळं?"

"सगळं. मला नाव मिळवायचं होतं."

"मग गोळी चालू ठिवली असती तर?"

"तरी फिट आलीच असती, अक्काताई. त्या गोळीनं काही होत नव्हतं. तुम्ही बंद केली ते बरंच केलं. तुमचा काही दोष नाही."

अक्काताईनं हात सोडला. हळूहळू सोडला. मग उठून उभी राहिली आणि तिच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. "रांडे," म्हणाली ती. "माझ्या पोरीवर शिकलीस व्हय? देवासारखं मानलं तुला. तुझ्या पाया पडत हुतो आमी. तुझं वाटोळं हुईल. कुत्र्याच्या मौतीनं मरशील, तोंडात पाणी घालायला कोण भेटणार न्हाई तुला." आणि मग तिला रडू फुटलं, अडलेलं सगळं एकदम आलं. रडत रडत शिव्या देत ती जिना उतरली. रस्त्यावर लोक थांबून बघत होते. मॅडम खाली मान घालून बसल्या होत्या. शेवटची शिवी ऐकू येईपर्यंत बसून होत्या.

मग म्हणाल्या, "ते जर्नलचं पत्र कुठंय? दे इकडे."

"मॅडम, नाही."

"दे."

"अहो, उकिडवे येतायत. बायका तयार आहेत. जिंकलोय आपण!"

"जिंकलो तर पेपरात येईल. आलं तर तिचा थोरला वाचून दाखवेल."

"आणि बाकीच्या बायकांचं काय?" मी अक्षरशः ओरडले. "त्यांच्या गोळ्या सगळे बंद करतील. आणखी किती सुवर्णा मारणार आहात तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "त्यांचं आता तुला बघावं लागेल," म्हणाल्या. "ह्या बाईचं मला."

सही केली. खाली तारीख घातली, त्यांच्या त्या सुवाच्य अक्षरात. निबंध मागे घेतला गेला, लेखिकेच्या संमतीनं. आज कुणीही उघडून बघावं, पानावर आडवा लाल शिक्का आहे. मी नोकरी सोडली, दवाखाना काढला, जमेल तेवढ्या बायकांचं बघितलं. जमलं नाही त्यांचं कानावर येत राहिलं. उकिडव्यांनी मला पत्र लिहिलं होतं, माझी फसवणूक झाली असं मी समजू का, म्हणून. मी उत्तर दिलं नाही. मॅडम पुढं चारेक वर्षं होत्या. कॉलेजातलं कुणी त्यांच्या दाराशी फिरकलं नाही, अंत्ययात्रेलाही नाही. मॅडम गेल्या तेव्हा मी जवळ होते, तोंडात पाणी मी घातलं. अक्काताईचा शाप तेवढा खोटा पडला.

अक्काताई गेल्या उन्हाळ्यात गेल्या, म्हणून हे आज बोलते. मी भेटायला गेले होते. थोरली सून दारापर्यंत आली, म्हणाली, आत्याबाई शेवटपर्यंत त्या सिव्हिलच्या बाईला शिव्या देत होत्या, पण झोप मात्र चांगली लागायची त्यांना.

बरं झालं, मी म्हटलं.